अर्धा पेला दूध

उलव्यात आमच्या सोसायटीत मला शेंगदाण्याच्या दुधाची बाई म्हणून ओळखतात. कुणाच्या मुलाला दूध पचत नाही, कुणाच्या सासूला डॉक्टरांनी दूध बंद सांगितलंय, की माझ्या दाराची बेल वाजते. मी सगळं नीट सांगते. दाणे आधी किंचित भाजायचे, म्हणजे कच्चट वास जातो. मग भिजवायचे, सालं काढायची, गरम पाणी घालून मिक्सरमधून काढायचं, मऊ कपड्यातून गाळायचं आणि सतत ढवळत उकळायचं. चहा करायचा तर आधी कोरा उकळून घ्यायचा आणि गॅस बंद केल्यावर हे दूध घालायचं. बायका मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतात आणि जाताना हमखास म्हणतात, आईंची किती सेवा केलीत हो तुम्ही. मग मी घाईघाईने दार लावून घेते. त्यांना वाटतं मला गहिवरून आलं. मला खरं तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी लहानपणी कधीही पेलाभर दूध संपवलं नाही, तिथून हे सगळं सुरू होतं.

आम्ही तुर्भ्याला राहायचो, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत, एका बैठ्या खोलीत. बाबा रंगाच्या कारखान्यात होते. त्यांचे बनियन कितीही धुतले तरी निळसरच दिसायचे. घरात रोज अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी यायची. आई पिशवीचा कोपरा कापून दूध पातेल्यात ओतायची, मग पिशवीत थोडं पाणी घालून ती विसळायची आणि ते पाणी चहात घालायची. दूध उतू गेलं तर ओट्यावरचे थेंब बोटाने टिपून डोळ्यांना लावायची. चुकून पाय लागला तर नमस्कार करायला लावायची. तिचं माहेर साताऱ्याकडचं, दारात दोन म्हशी. म्हशीवाल्यांच्या घरची म्हणून तिला दुधाचं एवढं कौतुक, असं आम्ही धरून चाललो होतो.

शाळेत जाण्याआधी माझ्यापुढे स्टीलचा पेला यायचा. मला दुधाचा वासच सहन व्हायचा नाही. नाक दाबून कसाबसा अर्धा पेला ढकलायचे आणि सायीचा तुकडा जिभेला लागला की पेला खाली ठेवायचे. आई एकदाच म्हणायची, पी की गं. ती कधी मागे लागली नाही. शेजारच्या बायका पोरांच्या मागे पेला घेऊन गल्लीभर धावायच्या. आमची आई मात्र पेला उचलायची, भिंतीकडे तोंड करायची आणि उभ्या उभ्या ते उरलेलं पिऊन टाकायची. मग पेला विसळून तेही पाणी प्यायची. दप्तर भरता भरता मला फक्त तिची पाठ दिसायची. टाकायचं नाही म्हणून ती ते औषधासारखं घशाखाली ढकलते, असंच मला वाटायचं.

थोड्या वेळाने तिचं पोट बिघडायचं. हे इतकं रोजचं होतं की त्याला आम्ही आजार म्हणतच नव्हतो. पोटात गुडगुडतंय, कळ येतेय, पोट फुगलंय, असं ती स्वतःशीच पुटपुटायची आणि डबा घेऊन निघायची. वस्तीच्या टोकाला सार्वजनिक संडास होते, त्यातल्या निम्म्यांची दारं लागायची नाहीत. सकाळी तिथे हीऽ रांग. आई रांगेत उभी राहायची ती पदराखाली पोट दाबून, ओठ मिटून, आणि कुणी पुढे घुसलं तरी भांडायची नाही. भांडायला उभं राहण्याएवढाही वेळ तिच्याकडे नसायचा. बायका चेष्टा करायच्या, की हिच्या हातात बांगड्या कमी आणि डबा जास्त. मीही हसायचे. त्या वयात आपण कुणावर हसतोय ते कळत नाही, आणि मला तर ते पुढेही बरीच वर्षं कळलं नाही.

या पोटापायी आई कुठे म्हणून जायची नाही. लग्न नाही, बारसं नाही, हळदीकुंकू नाही. गावी जायचं तर आदल्या दिवसापासून उपाशी राहायची, कारण एसटीत काय करणार. लोक तिला माणूसघाणी म्हणायचे. मी पाचवीत असताना हस्ताक्षरात माझा पहिला नंबर आला आणि शाळेने आईवडिलांना बक्षीस समारंभाला बोलावलं. बाबांची कारखान्यात पाळी होती. आई येते म्हणाली. त्या सकाळी मी इतकी हुरळले होते की दुधाचा एकच घोट घेतला आणि पळाले. दुपारी मी स्टेजच्या कडेला उभी राहून फाटकाकडे बघत होते. आई आली. अंगावर चांगलं पातळ होतं, केसात अबोलीचा गजरा होता. फाटकाशी ती क्षणभर थांबली, आत बघितलं, पोटावर हात ठेवला आणि वळून जवळजवळ पळतच गेली. माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजवायला माझं कुणीच नव्हतं.

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते न बोलण्याहून वाईट. मी म्हणाले, तुला माझं काही नसतंच. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

माझ्या पाठवणीच्या वेळीही ती दिसेना. सकाळपासून लग्नघरात येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर एकेक घोट करत तिचे चारपाच चहा झाले होते. गाडी उभी, सासरचे खोळंबलेले, मावश्या हाका मारतायत आणि आई हॉलच्या मागच्या बाजूला कुठेतरी संडास शोधत फिरतेय. मला कुणीतरी कानात सांगितलं तेव्हा वाईट वाटलं नाही, राग आला. तिच्या गळ्यात न पडताच मी गाडीत बसले. मी पहिल्यापासून अशीच तापट. राग मला चटकन येतो आणि त्याचं कारण मात्र फार सावकाश समजतं.

बाबा गेल्यावर मी आईला उलव्याला आणलं. तोवर माझी मुलगी आठ वर्षांची झाली होती. आमचा फ्लॅट लहान, पण संडास दोन. आईने पहिल्या दिवशी तिच्या खोलीला लागून असलेल्या संडासाचं दार उघडलं, लावलं, कडी घातली, काढली, आणि मला म्हणाली, ह्यो फकस्त माझा? मी हो म्हटलं. ती पलंगावर बसून रडायला लागली. बाबांची आठवण आली असेल, असं समजून मी तिला थोपटलं.

तिची ती रोजची तऱ्हा मला आता भिंतीपलीकडून ऐकू यायची. एक दिवस मी तिला ओढूनच दवाखान्यात नेलं. आमच्या सेक्टरमध्ये एक तरुण डॉक्टरीण नव्यानेच बसायला लागली होती. तिने आईला सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय पोटात जातं ते विचारलं. पाच वेळा चहा, तोही दुधाचाच. शिवाय नातीचं उरलेलं दूध. हो, माझी मुलगीही माझ्यावर गेलेली, अर्धा पेला ठेवणारी. काही तपासण्या झाल्या आणि पुढच्या खेपेला डॉक्टरीण म्हणाली,

"आजी, दुधात एक साखर असते. ती पचवायची ताकद वयाबरोबर कमी होते, तुमची बरीच आधी कमी झाली असणार. हे काही विष नाहीये. दोन आठवडे दूध पूर्ण बंद ठेवू, मग थोडं थोडं घेऊन बघा. किती झेपतं ते तुमचं तुम्हालाच कळेल."

दही आणि ताक चालेल, असंही ती म्हणाली. आईने फक्त एवढंच विचारलं, "म्हंजी दुधानं?" आणि मग रिक्षात घरापर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिची वाया गेलेली वर्षं तिला आठवत असतील, असं मला वाटलं. मला तर तीच आठवत होती. तो एकच घोट घेऊन ठेवलेला पेला, फाटकाशी पोटावर ठेवलेला हात. मी उरवलं आणि तिने भोगलं, एवढं साधं होतं ते. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडला आणि खूप रडले.

दोन आठवड्यांत आईचं पोट शांत झालं. चाळीस वर्षांचं दुखणं दोन आठवड्यांत. मी तर पेटूनच उठले. डॉक्टरणीच्या बोलण्यातलं "पूर्ण बंद" तेवढं मी धरलं, पुढचं सगळं सोडून दिलं. मला अर्धवट काही जमत नाही. राग असो की प्रायश्चित्त, मला ते पुरेपूर लागतं.

मग सुरू झाला दुसऱ्या दुधांचा शोध. आधी मी सोयाबीनचं दूध आणलं. आलं घालून चहा केला तर तो पातेल्यातच फाटला. आईने डोकावून बघितलं आणि म्हणाली की पनीर चांगलं झालंय. बदामाच्या दुधाचा चहा तिने दोन घोटात ओळखला, कोऱ्या चहाला चुना लावलाय म्हणे. ओटच्या दुधाचा खोका नातीने तिला वाचून दाखवला तेव्हा तिने विचारलं, हे जनावर कुठल्या देशात आसतं? धान्य आहे हे कळल्यावर म्हणाली, मग ही पेज हाय, पेजंला पेज म्हणा की. माझा नवरा कोकणातला, त्याने मोठ्या उत्साहाने नारळाचं दूध काढून दिलं. त्या चहाला सोलकढीचा वास येत होता आणि नवरा सोडून कुणीच तो संपवला नाही. त्या दिवसांत आम्ही खूप हसलो. आईला एवढं हसताना मी आधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी शेंगदाणा तिनेच सुचवला. आमच्यात उपासाला दाण्याची आमटी असते, तीच पातळ करून घाल, म्हणाली. मी चार दिवस खटपट केली. बाबांचा एक जुना पंचा होता, धुऊन धुऊन मऊ झालेला, तो गाळायला घेतला. पाचव्या दिवशीचा चहा आईने बशीत ओतून प्यायला आणि बशी पुढे केली, आणखी घाल म्हणून. मी जिंकले असं मला वाटलं.

त्या वर्षी आई बाहेर पडायला लागली. सोसायटीच्या बागेत बाकावर बसायची. करंजाड्याला माझ्या चुलतभावाकडे वास्तुशांत होती, तिथे जेवून, वर पान खाऊन आली. मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, तीन तासांचं. मी जागा अगदी कडेची धरली होती, लागलं तर उठता यावं म्हणून. आई उठली नाही. नात स्टेजवर झाड झाली होती, तिला हलायचंही नव्हतं की बोलायचंही नव्हतं, तरी आई तिचं झाड संपेपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. मी तिच्याकडेच बघत होते. मला माझं पाचवीतलं फाटक दिसत होतं, आणि इतकी वर्षं जिच्यावर रुसून राहिले ती बाई कधीच दोषी नव्हती हे माझ्या छातीत नुसतं रुतत होतं.

घरी आल्यावर मी चहा केला आणि तिच्या पायाशी बसले. म्हणाले, आई, मी रोज अर्धं दूध टाकायचे आणि तू ते पिऊन भोगलंस, मला माफ कर. माफी मागायची मला सवय नाही, शब्द धडपडतच बाहेर आले. आईने माझ्याकडे बघितलं. ती काहीतरी सांगणार होती, तिचे ओठ हललेही. मग म्हणाली, "आसू दे. तसलं काय न्हाई ते." आणि चहा चांगला झालाय म्हणाली. मी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करत उठले. तेव्हा तिथेच बसून राहिले असते, एक शब्द न बोलता थांबले असते, तर तिने सांगितलं असतं. पण मला कुकर लावायचा होता.

त्यानंतर महिन्याभराने एक दिवस मी ऑफिसमधून लवकर आले. मुलगी नुकतीच शाळेतून आली होती आणि टेबलाशी चित्र काढत होती. आई ओट्याशी उभी होती, भिंतीकडे तोंड करून. तीच पाठ. मी पुढे झाले तर तिच्या हातात नातीचा पेला, आणि त्यात उरलेलं दूध. खरं दूध, मुलीसाठी मी अजून आणत होते ते.

माझा तोल गेला. मी ओरडले. तुला समजत कसं नाही, लहान आहेस का, मी इथे दाणे वाटून वाटून मरते आणि तू माझ्या मागे हे करतेस, असं काय काय बोलले. मुलगी चित्र सोडून बघत राहिली. आईने पदराने ओठ पुसले. चोरी पकडलेल्या पोरीसारखी ती मान खाली घालून उभी होती, पासष्ट वर्षांची बाई.

"टाकवंना गं," ती म्हणाली.

मी तिच्या हातून पेला घेतला आणि उरलेलं दूध तिच्या देखत सिंकमध्ये ओतून दिलं. म्हटलं, हे बघ, असं टाकायचं. काही होत नाही. आई सिंककडे बघत राहिली. मग वाकून तिने कडेला राहिलेला थेंब बोटाने टिपला आणि डोळ्यांना लावला. मी तेही बघितलं आणि मला त्याचाही राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी घरात दूध आणणंच बंद केलं. मुलगी सोयाच्या दुधात कोको घालून प्यायला लागली, नवऱ्याने घरचा चहा सोडून ऑफिसचा धरला. माझ्या घरात दुधाचा थेंब नाही, हे मी लोकांना अभिमानाने सांगायचे.

पुढच्या वर्षी आईचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, दम लागायला लागला. हॉस्पिटलच्या दोन खेपा झाल्या आणि मग डॉक्टरांनी घरीच न्या, असं सुचवलं. तिला जेवण जाईना. दोन चमचे भात, एखादी वाटी ताक. एके दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती म्हणाली,

"जरा दूध दे. म्हशीचं."

हो म्हटलं मी. आणि स्वयंपाकघरात जाऊन शेंगदाण्याचं दूध गरम केलं. खाली उतरून कोपऱ्यावरच्या डेअरीतून पावशेर म्हशीचं दूध आणायला मला दहा मिनिटं लागली असती. पण तिचं पोट बिघडलं तर, आता तिला उठवतही नाही, अंथरुणात तिचे हाल होतील, असा सगळा हिशेब मी ओट्याशी उभी राहून केला. तो हिशेब चुकीचा होता असं आजही मला म्हणता येत नाही. पण मी त्याच्या पुढे गेले. दूध मुद्दाम जास्त आटवलं, वर पातळशी साय धरेपर्यंत, साखर घातली, आणि तिच्या हातात पेला देताना म्हणाले, घे, म्हशीचंच आहे.

आईने पेला दोन्ही हातांत धरला. नाकाशी नेला. म्हशींच्या गोठ्यात वाढलेली बाई ती, तिला कोण फसवणार? तिने माझ्याकडे बघितलं. हळूहळू दोन घोट घेतले. मग आणखी दोन.

"चांगलं हाय," म्हणाली. आणि पेला माझ्याकडे दिला. "ऱ्हायल्यालं तू पी."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला तिची धाकटी बहीण गावाहून आली, माझी मावशी. दिवस उरकल्यावर ती आमच्याकडेच राहिली. मी तिला चहा दिला. एक घोट घेऊन तिने विचारलं, घरात दूध न्हाई व्हय? मग मी तिला सगळी कहाणी सांगितली, जशी सगळ्यांना सांगते तशी. आईचं पोट, डॉक्टरीण, दाण्यांचं दूध, माझी खटपट, माझं लहानपणीचं ते अर्धं उरवणं, आणि ते संपवण्यापायी आईने काढलेली वर्षं. मावशी चहा खाली ठेवून ऐकत होती.

मग ती सांगायला लागली. त्यांच्या घरी दोन म्हशी होत्या खऱ्या, पण दोन्ही वेळचं दूध डेअरीला जायचं. घरात राहायचं ते दोघा भावांपुरतं आणि आजोबांच्या चहापुरतं. पोरींना ताक. किटली डेअरीवर पोचवायचं काम मात्र पोरींचं. आई नऊ वर्षांची असताना एकदा वाटेत किटलीचं झाकण काढून प्यायली. डेअरीवर माप कमी भरलं. आजोबांनी तिला दिवसभर गोठ्यात बसवलं, उपाशी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, ही बघा दूधचोर.

"तिला दूध लई आवडायचं बघ," मावशी म्हणाली. "लगीन झालं तरी सोताच्या हातानं वतून घ्यायची न्हाई. घ्यायचं आसतं हेच ठावं न्हवतं. मग तू झालीस. तू शाळंत जायला लागलीस तवा गावाला आलती, तर आख्ख्या गल्लीला सांगत सुटली. म्हणली, माझी लेक रोज अर्धा पेला माझ्यासाठी ठेवती."

मी एवढंच विचारलं, की त्यानेच पोट दुखतं हे तिला कळलं नव्हतं का?

"कळलं आसंल, न्हाई आसंल. देवाला ठावं," मावशी म्हणाली. "मी एकदा म्हणले हुते, झेपत न्हाई तर सोड की. तर म्हणली, पोर मायेनं ठेवती. तेवढंच माझं हाय."

मावशीने मग चहा संपवला, गार झालेला, आणि कपबशी स्वतः विसळून ठेवली.

मला तिची ती पाठ आठवली. भिंतीकडे तोंड करून ती काय करत होती ते मला तेव्हा कळलं. ती औषध पीत नव्हती. तिला ते कुणी बघू नये असं वाटत होतं, एवढंच. दूधचोर म्हणतील म्हणून. आणि मी, तिच्या पोटच्या पोरीने, पासष्टाव्या वर्षी तिला तसंच पकडलं, नातीच्या देखत. डॉक्टरीण म्हणाली होती, किती झेपतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. दिवसाचे पाच चहा बंद झाल्यावर अर्धा पेला तिला कदाचित झेपलाही असता. तिला विचारायला हवं होतं. मी तिला पाच तऱ्हांचं दूध पाजलं आणि हा एक प्रश्न विचारला नाही.

मावशी गावी गेल्यानंतरच्या रविवारी मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून म्हशीचं दूध आणलं. तापवलं. स्टीलचा पेला भरला, नाक दाबलं, अर्धा प्यायले आणि पेला ओट्यावर ठेवून दिला. का ठेवला ते नवऱ्याने विचारलं नाही. मी आंघोळ केली, कपडे वाळत घातले, मुलीची वेणी घातली. परत आले तेव्हा पेला तिथेच होता आणि दुधावर जाड साय आली होती.

सिंकपाशी नेला, पण टाकवेना. भिंतीकडे तोंड केलं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग त्यात थोडं पाणी घालून विसळला आणि तेही प्यायले.